आजाऱ्याच्या खाटेजवळ गाताना

प्रवासी, पाहुणे आणि आजारी यांच्यासाठी गायच्या गीतांची एक लहान पुस्तिका करावी, असे मिरजेतील आमच्या ख्रिस्ती मंडळीने ठरवले आणि निवडीचे काम माझ्याकडे आले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे दुरून उपचारासाठी येणाऱ्यांचे गाव आहे. गाठोडे, डबा आणि तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन कर्नाटकातली कुटुंबे आजही जंक्शनवर उतरतात. त्यामुळे प्रवासी कोण आणि आजारी कोण, असा भेद आमच्याकडे फारसा उरत नाही.

आरंभी मी गीते केवळ आशयावरून निवडली, आणि ती चूक पहिल्याच भेटीत ध्यानात आली. आमच्या एका कुटुंबाच्या नात्यातल्या मावशी दवाखान्यात होत्या. त्यांनीच आम्हाला बोलावले होते. सिस्टरची परवानगी घेऊन, पेटी न नेता, आम्ही चार कडव्यांचे एक गीत काळी चारच्या पट्टीत गायलो. मावशींना ते पाठ होते. त्या आमच्याबरोबर गाऊ लागल्या, पण लांब ओळीच्या मध्यावर त्यांचा श्वास तुटला, आणि सलाईन लावलेल्या हाताची बोटे चादरीवर ताल धरीत होती तीही थांबली. ती ओळ मी निवडलेली होती, याचे मला फार वाईट वाटले.

त्यानंतर मी प्रत्येक गीत पडून, हलक्या आवाजात म्हणून पाहिले. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या बऱ्याच गीतांची ओळ आजाऱ्याच्या छातीला पेलत नाही. अभंग मात्र पेलतो, कारण मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, म्हणजे दर काही शब्दांनी विसावा मिळतो. आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीत आणली, तिचे मोल मला या कामात नव्याने कळले. पट्टीही आम्ही बरीच खाली आणली.

प्रवाशांसाठी निवड करणे सोपे गेले. बायबलमधील स्तोत्रसंहितेत यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची १२० ते १३४ अशी १५ स्तोत्रे आहेत. त्यांतील १२१ वे, ज्यात राखणारा झोपत नाही आणि जाणे-येणे दोन्ही सांभाळतो, ते आम्ही प्रथम घेतले.

आजाऱ्यांच्या गीतांवर मात्र पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंशी, माझी दोन संध्याकाळी चर्चा झाली. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे बायबलमधील याकोबाच्या पत्रात सांगितले आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही तू आता बरा होशीलच, असे ठामपणे सांगणारी दोन गीते मी वगळावीत असे म्हटले. आशीर्वाद मागणे आपले काम आहे, निकाल सांगणे नव्हे. पाळकसाहेबांनी ते मान्य केले.

आतिथ्याची गीते मी घरच्या प्रार्थनासभेसाठी म्हणून शेवटी ठेवली होती. तिसऱ्या भेटीत गाणे संपल्यावर मावशींनी उशीखालून बिस्किटांचा पुडा काढला, दातांनी फोडला आणि आमच्यातल्या सर्वांत लहान मुलापुढे धरला. "घे रे बाळा, माझ्याकडे आलायस ना," एवढेच त्या म्हणाल्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे अनोळखी सोबत्याला आग्रहाने थांबवून घेतात, आणि जेवायला बसल्यावर तो पाहुणाच भाकर घेऊन आशीर्वाद देतो व मोडून त्यांना देतो. आम्ही मावशींच्या सेवेला गेलो आहोत, असे मी समजत होतो. त्या खोलीत यजमान त्या होत्या. घरी आल्यावर मी अनुक्रमणिका बदलली आणि आतिथ्याची गीते आजाऱ्यांच्या गीतांत मिसळली.

पुस्तिका मोठ्या टाइपात छापली आहे, म्हणजे आडवे पडूनही वाचता येते. पुढच्या छपाईत काही कानडी गीते घ्यायची आहेत. ती निवडताना अथणीकडच्या एका ताई स्वतः पडून म्हणून पाहणार आहेत.