तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याकडे सॉफ्टवेअरला पेटंट नाही, मग भीती कसली?

एकट्यानं अ‍ॅप बनवणारी मुलं भेटली की हा प्रश्न येतोच. "सर, भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही ना? मग अमेरिकेतल्या नोटिशीला आपण का घाबरायचं?"

पहिलं वाक्यच अर्धं खरं आहे. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) म्हणतं की निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोध धरले जाणार नाहीत. या 'निव्वळ' शब्दावर आजही वाद चालतात. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून ही अट सैल केली होती, पण २००५ मध्ये संसदेनं तो बदल ठेवला नाही. ते फार चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं.

पण हे संरक्षण इथल्यापुरतं. कोड तुम्ही सांगलीत बसून लिहा. अ‍ॅप अमेरिकेत विकलंत की तिथलं पेटंट आडवं येऊ शकतं.

२०११ मध्ये माझं रियाजासाठी लेहऱ्याचं, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीचं, अ‍ॅप होतं. घेणारे बहुतेक न्यू जर्सीतले मराठी लोक. त्यात एक बटण होतं, 'सगळे ताल उघडा'. त्यावर पैसे भरले की झपताल, रूपक वगैरे मिळायचे. त्या मे महिन्यात लॉडसिस नावाच्या कंपनीनं आयफोनच्या छोट्या डेव्हलपरांना पत्रं पाठवली. अ‍ॅपमधून खरेदी करायचं असं बटण आमच्या पेटंटात बसतं, २१ दिवसांत बोलणी करा. मूळ अर्ज १९९२ चा, म्हणजे आयफोनच्या पंधरा वर्षं आधीचा! आणि बटण देण्याची सोय तर खुद्द अ‍ॅपलनं केलेली.

मागणी होती अमेरिकेतल्या विक्रीच्या ०.५७५ टक्के. दहा लाख डॉलरच्या विक्रीवर वर्षाला ५,७५० डॉलर. हा आकडा नीट बघा, सगळं त्यात आहे. वकील लावून लढायचं तर याच्या कितीतरी पट खर्च. म्हणजे बरोबर कोण हा प्रश्न उठायच्या आतच माणूस पैसे देऊन मोकळा होतो. दिले की गप्प बसतो, आणि पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून एकट्यानं घाबरावं लागतं.

अ‍ॅपलनं २३ मे रोजी कळवलं की या पेटंटांसाठी आम्ही घेतलेल्या परवान्यात आमचे डेव्हलपरही येतात. आठवड्याभरात लॉडसिसनं सात डेव्हलपरांवर पूर्व टेक्सासच्या न्यायालयात दावा लावला. अ‍ॅपल त्यात उतरली, पण २०१३ पर्यंत सगळ्यांनी तडजोड केली आणि परवान्याचा मुद्दा निकालाविनाच राहिला. त्याच वर्षी लॉडसिसच्या दुसऱ्या एका दाव्यात कॅस्परस्की ही अँटिव्हायरस बनवणारी कंपनी मात्र शेवटपर्यंत अडून बसली, तेव्हा सुनावणीच्या तोंडावर लॉडसिसनं दावा मागे घेतला. कॅस्परस्कीला वकील परवडत होते.

मला पत्र आलं नव्हतं. तरी मी ते बटण काढलं, सात महिने. नाशिकचे एक तबल्याचे शिक्षक विचारत राहिले, रूपक कुठे गेला? त्यांना काय सांगायचं ते मला सुचेना.

आता काही बदललंय का? हो. २०१४ च्या अ‍ॅलिस निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटायोग्य होत नाही. असे बरेच क्लेम, म्हणजे पेटंटात नेमका कशावर हक्क सांगितलाय ती कलमं, त्यानंतर कोसळले. २०१७ मध्ये कंपन्यांना हव्या त्या जिल्ह्यातल्या न्यायालयात खेचण्यावरही मर्यादा आली, पण ती अमेरिकी कंपन्यांसाठी. आपण तिथे परदेशी, आपल्याला ती सवलत नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे.

म्हणून सांगतो, जुन्या आवृत्त्या तारखांसकट जपून ठेवा. पत्र आलं तर त्याच रात्री उत्तर लिहू नका, आणि ड्रॉवरमध्येही टाकू नका. त्यातला क्लेम शब्द न् शब्द वाचा. त्यातली प्रत्येक अट तुमच्या अ‍ॅपला लागू होते का ते बघा, एक जरी नसली तरी तो क्लेम तुम्हाला शब्दशः लागू होत नाही. मग पेटंटचा वकील गाठा. आणि त्याआधी मला फोन करा. मी वकील नाही, पण ते पत्र तुम्ही एकट्यानं वाचू नये.