इझमीरच्या बाजारात रिकाम्या पोटी

तुर्कस्तानच्या तयार सहलींमध्ये इझमीर बहुतेक वेळा मुक्कामापुरतंच येतं. रात्री झोपायचं, सकाळी एफेससचे प्राचीन अवशेष बघायला पळायचं. आमची सगळ्यांचीच ही पहिली तुर्कस्तानवारी, पण शहर पायी फिरायला वेगळा वेळ ठेवला ते बरं झालं. सोबत आई आणि मावशी, दोघी पक्क्या शाकाहारी. तरी कुणाची उपासमार झाली नाही.

सुरुवात कोनाक चौकातून करा. तिथला घड्याळाचा मनोरा १९०१चा, दुसऱ्या अब्दुल हमीद सुलतानाच्या कारकिर्दीला २५ वर्षं झाली म्हणून बांधलेला. शेजारी इवलीशी अष्टकोनी मशीद. फोटो झाले की मागच्या केमेराल्ती बाजारात शिरा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून इतर दिवशीची सकाळ धरा आणि हॉटेलातल्या नाश्त्याला चाट द्या.

पहिला मान बोयोझचा. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू इथे वसले, हा पदार्थ त्यांचा. भट्टीतून निघालेला गरम बोयोझ तोडला की पापुद्रे अंगभर सांडतात, बोटं तेलकट होतात. लोक तो उकडलेल्या अंड्याबरोबर खातात; आम्ही चहाबरोबर संपवले. इस्तंबूलचा सिमित, म्हणजे तीळ लावलेली पावाची कडी, इथे गेव्रेक म्हणून मागायचा. कुम्रू हे सँडविच घेताना मात्र विचारून घ्या, कारण गरम कुम्रूत सॉसेज असतं. चीज-टोमॅटो-मिरचीचं थंड कुम्रू शाकाहारींना चालतं. 'एतसिझ' म्हणजे मांसाशिवाय, एवढा एक शब्द पाठ असू द्या. मसूरीचं सूप निर्धास्त मागवू नका, ते कधीकधी मटणाच्या पाण्यात केलेलं असतं. खाणाऱ्यांसाठी मिद्ये दोल्मा, म्हणजे शिंपल्यात भरलेला मसालेदार भात, वर लिंबू. गर्दीच्या गाडीवरच घ्या, भर उन्हात उघड्यावर ठेवलेला नको.

दुपारी किझलराआसी हानमध्ये टेका. ही १७४४ची जुनी सराई, अंगणाभोवती दुकानं. या भागात कॉफी थेट कपातच शिजवून देतात. तळाचा गाळ प्यायचा नसतो, हे मावशीला वेळेवर सांगितलं.

सगळ्यांत लक्षात राहिला तो लोकमा. एका मशिदीबाहेर रांग दिसली म्हणून डोकावलो. मोठ्या कढईत मेदूवड्यासारखी भोकाची छोटी कडी तळून पाकात टाकत होते आणि येईल त्याला फुकट वाटत होते. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने लोकमा वाटायची इथली रीत आहे. आम्ही बिचकत लांब उभे होतो, तर रांगेतल्या आजींनी आईचा हात धरून तिला पुढे ओढलं. पैसे काढू नका. 'अल्लाह काबूल एत्सिन', म्हणजे 'देव हे मान्य करो', म्हणा आणि खा.

संध्याकाळी खाडीपलीकडच्या कार्शियाकाची बोट पकडा. इझमीरिम कार्ड एकदा घेतलं की मेट्रो, ट्राम, बोट सगळीकडे चालतं. गाडीवाल्यांसाठी थोडे सुटे लिरा मात्र ठेवा. पैसे विमानतळापेक्षा शहरात बदललेले बरे. १९०७ची आसान्सोर लिफ्ट खाडीच्या देखाव्यासाठी वर घेऊन जाते, गुडघे दुखणाऱ्यांची सोय.

एफेससला बास्माने स्टेशनवरून सेल्चुकची आगगाडी आहे. सकाळची लवकरची घ्या. सेल्चुकहून अवशेष तीनेक किलोमीटरवर, आत सावली नावालाच. टोपी आणि पाणी इझमीरहूनच न्या.