शनिवारी सकाळी नऊचा ‘संत तुकाराम’: जाणार असाल तर आधी हे वाचा

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, पुण्यात तीन ठिकाणी मिळून चित्रपटांचे चार खास खेळ पाहिले. त्यातले तीन नीट पार पडले, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यातच सांगतो. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जागा राखीव नव्हत्या, अर्धा तास आधी रांगेत उभा राहिलो आणि मधली खुर्ची मिळाली. गाडी नेऊ नका, नळ स्टॉपला मेट्रोतून उतरून चालत जा. रविवारचे दोन्ही खेळ चांगले झाले. मला लिहायचं आहे ते शनिवारच्या सकाळबद्दल.

जाहिरातीत लिहिलं होतं: पेठेतलं जुनं एकपडदा थिएटर, ‘संत तुकाराम’, पुनरुज्जीवित प्रत, सकाळी ९ वाजता, तिकीट १५० रुपये. मी ऑनलाइन काढलं, त्याचे शुल्कासकट १८३ झाले. थिएटरवर पोचलो तर खिडकीवर तेच तिकीट १५० ला मिळत होतं आणि निम्मं सभागृह रिकामं होतं. पार्किंगवाल्याने दुचाकीचे ४० मागितले, पावती मागितल्यावर २० घेतले. तेव्हा तिकीट खिडकीवरच काढा आणि पावती मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नऊचा खेळ सुरू झाला नऊ पस्तीसला. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग दोन मनोगतं. पुण्यात खास खेळाला जाताना हा वेळ धरूनच चला. सकाळी उपाशीपोटी जाऊ नका, मध्यंतर साडेदहाच्या पुढेच होतं.

दिवे मालवले आणि पडद्यावर ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारीवाली आली. तिला पाहताक्षणी पोटात गोळा आला. ती कमनीय बाई अंगाने भरलेली दिसत होती. श्रेयनामावलीतली अक्षरं बसकी झालेली. १९३६ चा हा चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत घेतलेला आहे, रुंदी-उंचीचं प्रमाण साधारण चारास तीन. तो आजच्या सोळास नऊच्या चौकटीत ताणून बसवला की माणूस जवळजवळ एक तृतीयांशाने रुंद होतो. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा तो शांत, निमुळता चेहरा पसरट झाला होता. हातातली वीणा आडवी धरली की लांब आणि उभी धरली की आखूड दिसे. मी दहा मिनिटं वाट पाहिली. कुणीच उठलं नाही.

एवढं जिवाला का लागावं, असं कुणाला वाटेल. हा चित्रपट याच गावात घडला. ‘प्रभात’ कोल्हापुरात १९२९ ला सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्या स्टुडिओच्या जागेवरच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी जिथे हे काम केलं, ती जागा या थिएटरपासून फार तर तीन-चार किलोमीटरवर. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला चित्रपट आपल्याच गावात वेडावाकडा दाखवला जातो आणि शंभर-सव्वाशे माणसं गप्प बसून बघतात, हे मला सहन झालं नाही.

उठलो, बाहेर आलो, दारावरच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “जुना पिक्चर आहे साहेब, तसाच असतो.” तसाच नसतो. मी वर केबिनपाशी गेलो. ऑपरेटर भला माणूस निघाला. खेळ थिएटरच्या नेहमीच्या यंत्रणेवरून चाललाच नव्हता, आयोजकांनी आणलेल्या लॅपटॉपवरून चालला होता. पुनरुज्जीवित प्रत म्हणजे पेन ड्राइव्हवरची एक फाइल. “काका, माणसं जाडी दिसतायत, दोन्ही बाजूंना काळी पट्टी आली पाहिजे,” एवढंच बोललो. त्यांनी दोन-तीन पर्याय लावून पाहिले, आणि चौथ्यांदा चित्र दोन्हीकडून आत सरकलं. केबिनच्या काचेतून पागनिस एकदम सडपातळ झाले. खाली परत गेलो तेव्हा वीस-बावीस मिनिटं वाया गेली होती, ती परत दाखवली नाहीत.

पुढचे पावणेदोन तास मात्र मी कुठेही, कितीही पैसे देऊन पुन्हा घेईन. ‘आधी बीज एकले’ सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारच्या आजी पदर सावरून ताठ बसल्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणू लागल्या. पुष्कळांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो, पण तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला. मागच्या रांगेतूनही आवाज आला. सभागृहात गुणगुणणाऱ्यांना कुणी गप्प केलं नाही, हे बरं झालं.

तेव्हा जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. आयोजकांना आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी विचारा: खेळ थिएटरच्या प्रोजेक्शन यंत्रणेवरून आहे की लॅपटॉपवरून, आणि प्रत कुठून आणली. उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका, संग्रहालयाच्या पुढच्या खेळाची वाट पाहा. फलकावरच्या ‘पुनरुज्जीवित’ या शब्दावर विसंबू नका. तिथे बसल्यावर पहिल्या मिनिटात गाडीचं चाक, थाळी, टाळ असं काहीतरी गोल शोधा. ते अंडाकृती दिसलं तर तडक उठा. दहा मिनिटं थांबायची चूक मी केली, तुम्ही करू नका. बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगा सोडा, कठडा पडद्याच्या खालच्या कडेवर येतो. खालच्या मजल्यावर मधल्या रांगांतल्या खुर्च्या सगळ्यात बऱ्या, फक्त डावीकडे पंख्याचा घरघराट आहे आणि हळू संवाद तिथे ऐकू येत नाहीत.

निघताना पुन्हा वर जाऊन ऑपरेटर काकांचे आभार मानले. त्यांनी चहाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडून त्यावर स्केचपेनने ‘जुने मराठी – ४ : ३ – बाजूला काळे’ असं लिहिलं होतं आणि टेबलासमोरच्या भिंतीवर तो चिकटपट्टीने लावला होता. पुढच्या खेळाला जाल तेव्हा दिवे मालवण्याआधी वर एक चक्कर मारा आणि तो पुठ्ठा जागेवर आहे का बघा.