जप्तीच्या लिलावातून वडिलांची ठेव परत मिळवताना

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांपैकी 4 लाख 20 हजार रुपये वडिलांनी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत तीन पावत्यांवर ठेवले होते. एका सोमवारी शाखेचे शटर उघडलेच नाही, आणि त्यानंतर आठवडाभरात आम्ही इतर ठेवीदारांबरोबर पोलीस ठाण्यात जबाब द्यायला रांगेत उभे होतो. गुन्हा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, 1999, म्हणजे सगळे ज्याला एमपीआयडी म्हणतात त्या कायद्याखाली नोंदला गेला.

संचालकांना शिक्षा झाल्याखेरीज पैसे मिळणार नाहीत, असे मी कितीतरी दिवस धरून चालले होते. तो माझा गैरसमज होता. या कायद्यात शासन अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करते, उपजिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी सक्षम प्राधिकारी म्हणून ती ताब्यात घेतो, आणि त्याने 30 दिवसांच्या आत विशेष न्यायालयात जप्ती कायम करण्यासाठी अर्ज करायचा असतो. फौजदारी खटला त्याच्या गतीने चालत राहतो. जप्ती कायम झाल्यावर विक्री होते आणि आलेल्या रकमेचे ठेवीदारांमध्ये न्याय्य वाटप करण्याचा आदेश न्यायालय देते. हा पैसा सरकारच्या हातातून जातो, पण सरकारचा होत नाही. याउलट, खेड तालुक्यातल्या मुंबके गावी दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या जमिनींचे जे लिलाव झाले, ते तस्करांच्या मालमत्तेविषयीच्या 1976 च्या केंद्रीय कायद्याखालचे होते, आणि तिथे सरकारजमा झालेली मालमत्ता केंद्राचीच होते. आमच्या वकिलांनी हा फरक पहिल्याच भेटीत समजावला होता. आमचा कायदा स्वतःच एकदा बुडता बुडता वाचला आहे, हेही त्यांनीच सांगितले: 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला होता, आणि 2011 मध्ये तमिळनाडूच्या अशाच कायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाशी असहमती दाखवली.

आमची खरी दमछाक झाली ती ठेवीदारांच्या यादीने. पावतीवर वडिलांची आद्याक्षरे आणि आडनाव एवढेच होते, आधार कार्डावर पूर्ण नाव होते, आणि संस्थेच्या जप्त केलेल्या खतावणीत आडनावातला एक काना गळलेला होता. प्रांत ऑफिसातल्या लिपिकाने ती खतावणी माझ्यासमोर उघडली तेव्हा पानाच्या कडेला पेन्सिलीने केलेल्या व्याजाच्या बेरजा दिसल्या; त्याच बेरजांनी पुढे आमचा दावा कमी केला. वडिलांना आधी मिळालेले 36 हजारांचे व्याज मुद्दलातून वजा करून 3 लाख 84 हजार एवढीच रक्कम मान्य झाली. तेव्हा मला ते फार लागले होते, पण ज्यांनी अनेक वर्षे व्याज उचलले आणि ज्यांनी आदल्या महिन्यात पैसे ठेवले त्या दोघांना एकाच मापाने मोजणेही बरोबर झाले नसते. नावातल्या फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र दिले. मधल्या काळात वडील गेल्यामुळे वारसांची कागदपत्रे आणि बहिणीचे ना-हरकत पत्रही जोडावे लागले. सगळ्या प्रतींवर पोच घ्यायची, हे मी पहिला अर्ज गहाळ झाल्यावर शिकले.

लिलाव दोनदा बोलीविना गेला. ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत जप्तीचा बोजा दिसतो आणि जिच्यावर वाद चालू आहे, तिला गावातला माणूस हात लावत नाही. राखीव किंमत उतरवल्यावर तिसऱ्या वेळी एक गोदाम आणि त्याच्या मागचा भूखंड विकला गेला, आणि मान्य दाव्यांच्या 27 टक्के रक्कम वाटायचे ठरले. आईच्या खात्यात 1 लाख 3 हजार 680 रुपये आले. शटर पडल्यापासून त्या दिवसापर्यंत सात वर्षे गेली होती.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम 107 मध्ये गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेची रक्कम जिल्हा दंडाधिकाऱ्याने 60 दिवसांत बाधितांना प्रमाणात वाटावी, आणि दावेदार नसतील किंवा काही उरले तर ते सरकारजमा व्हावे, अशी तरतूद आहे. मुदत वाचून बरे वाटते, पण दावेदार कोण आणि कोणाचे किती, हे खतावणीतून शोधायचे काम प्रांत ऑफिसातल्या त्या एकट्या लिपिकाला 60 दिवसांत कसे जमेल, हे मला कळत नाही.

उरलेल्या जमिनीपैकी एका तुकड्यावर ती जप्तीआधीच विकत घेतल्याचा दावा करणारा एक जण न्यायालयात आला आहे. त्याची हरकत निकालात निघेपर्यंत पुढचे वाटप थांबले आहे. यादीत आईच्याच खात्याचा क्रमांक असल्यामुळे बँकेची शाखा दुसरीकडे गेली तरी आम्ही ते खाते बंद केलेले नाही, आणि दर सहा महिन्यांनी त्यात 500 रुपये भरून ते चालू ठेवतो.