बेल्ट की चेन? माझ्या जुन्या स्विफ्टच्या इंजिनाचा शोध

गॅरेजवाल्या चाचांनी बॉनेट उघडलं, आत डोकावून बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा दात्यांचा पट्टा; काही इंजिनांत त्याच्या जागी चेन असते. तो कधी बदललाय, मला कुठून माहीत असणार! गाडी घेऊन अकरा दिवस झाले होते. पांढरी स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, एमएच १२ पासिंग, मीटरवर ९४ हजार. एजंटाने "२०१० मॉडेल, बाराशे सीसी, के सिरीज, अॅव्हरेजला एक नंबर" असं सांगून गळ्यात बांधली होती. सर्व्हिसचं पुस्तक नव्हतं. आरसी ट्रान्सफरसाठी आरटीओत गेलेली, माझ्याकडे फक्त तिची झेरॉक्स, तीही अशी की सीसीच्या रकान्यात काळा डाग.

"माहीत नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं," चाचा म्हणाले. "बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि कॅम-क्रँकची ऑइल सील, सगळं एकदमच आणा. फॅन बेल्टलाही चिरा गेल्यात, तोही घ्या."

शनिवारी नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या पोराला सांगितलं, "२०१० ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, टायमिंग बेल्ट पाहिजे." त्याने कॉम्प्युटरकडे बघायचीही तसदी घेतली नाही. "दादा, त्यात बेल्ट येतच नाही. चेन आहे. बाराशेचं इंजिन ना?" मी पिशवीतून विम्याची पॉलिसी काढली. त्यावर स्वच्छ छापलेलं: ११९७ सीसी. मग काय, बेल्ट, टेन्शनर, सील सगळ्याचा खर्च वाचला म्हणून मी खूश. फक्त बाराशेचा फॅन बेल्ट घेतला आणि वाटेत भेळ खाऊन घरी आलो.

सोमवारी चाचांनी तो फॅन बेल्ट पुलीला लावून बघितला. मापातच नव्हता. मी चेनची बातमी दिली तेव्हा ते काही बोलले नाहीत. हातातल्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्यांनी इंजिनाच्या बाजूच्या झाकणावर दोनदा आपटली. टक टक, प्लास्टिकचा पोकळ आवाज. "चेनला इंजिनाचं तेल लागतं. तिच्यावर असलं प्लास्टिकचं झाकण चालेल का? तिथे अॅल्युमिनियमचं कव्हर असतं, सगळीकडून सील केलेलं. हा बेल्टवालाच आहे."

म्हणजे पॉलिसी एक सांगते, झाकण दुसरंच. एक भयंकर शंकाही डोक्यात आली: कुणी जुनं इंजिन तर नाही ना बसवलं?

उत्तर एकाच जागी होतं, इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेल्या नंबरात. तो वाचणं हे मात्र दिव्य. पंधरा वर्षांची धूळ आणि तेल मिळून तिथे काळी वडी जमली होती. रॉकेल मिळेना, म्हणून डिझेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश घेऊन मी घासत बसलो, एका हातात मोबाइलचा टॉर्च. अर्ध्या तासाने अक्षरं उमटायला लागली. आधी जी. मग १३. मग बी, आणखी एक बी. मोबाइल आत घालून फोटो काढला, मोठा करून बघितला. जी१३बीबी. खात्री झाली.

हे इंजिन १२९८ सीसीचं, म्हणजे तेराशे. २००५ मध्ये स्विफ्ट भारतात आली ती हेच घेऊन. एस्टीममध्ये तेच, व्हर्सामध्ये तेच, जिप्सी किंगमध्येही तेच. सोळा व्हॉल्व्ह, एकच कॅमशाफ्ट आणि टायमिंगला रबरी बेल्ट. एजंट ज्याचं कौतुक सांगत होता ते के१२एम, ११९७ सीसी, दोन कॅमशाफ्ट आणि चेन. ते स्विफ्टमध्ये आलं २०१० साली. तिसरं डिझेलचं, डी१३ए, १२४८ सीसी, मूळ फियाटचं मल्टिजेट. त्याचीच भावंडं आपल्या रांजणगावात फियाटच्या कारखान्यात बनत आणि पुंटो, इंडिका व्हिस्टात बसत.

मधल्या काळात तेराशेचं बाराशे का झालं, हे मला नंतर वाचताना कळलं आणि गंमत वाटली. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली, पण अट अशी की लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. डिझेलला १५०० पर्यंत सूट. स्विफ्ट लांबीत बसत होती, १२९८ मुळे बाहेर पडत होती. ११९७ हा आकडा असा तीन सीसी राखून आलेला आहे! त्यात एप्रिल २०१० पासून तेरा शहरांत बीएस ४ हे गाड्यांच्या धुराचे कडक निकष लागू झाले, त्यात पुणेही होतं. म्हणजे जुनं इंजिन जायचं आणि नवं यायचं ते साल नेमकं माझ्या गाडीचं.

बाहेरून मात्र काही कळत नाही. पत्रा तोच, हेडलाइट तेच, दरवाजे तेच. बॉनेट किंवा बंपर २००५ ते २०११ च्या पहिल्या आकाराच्या कुठल्याही स्विफ्टचा मागा, चालून जाईल. इंजिनाचा भाग मागताना तसं होत नाही. आणि "व्हीएक्सआय" हा शब्द मी इतक्या विश्वासाने सांगत होतो, तो पॉवर विंडोसारख्या सोयी सांगतो, इंजिनाबद्दल एवढंच सांगतो की पेट्रोल आहे. डिझेल असती तर व्हीडीआय असती.

आठवड्याने आरसी पोस्टाने आली. इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी तंतोतंत जुळला, जिवात जीव आला. सीसी १२९८. उत्पादन नोव्हेंबर २००९, नोंदणी जानेवारी २०१०. एजंटाचं "२०१० मॉडेल" कुठून आलं तेही समजलं. चेसिस नंबरही बॉनेटखालच्या पत्र्यावर जाऊन ताडून बघितला, १७ अक्षरं, सुरुवात एमए३. आरटीओच्या कागदांसाठी एजंटाच्या पोराने त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली होती, तिची शिसं अजून तिथे लागलेली होती. त्याच वेळी मी दोन हात खाली वाकून इंजिन नंबर बघितला असता तर? पण तेव्हा मी सीट कव्हरचा रंग बघत होतो.

मग पॉलिसीवर ११९७ कसं? नूतनीकरण करताना कुणीतरी यादीतून "स्विफ्ट व्हीएक्सआय" निवडलं, पहिली ओळ दिसली ती ठोकली. थर्ड पार्टीचा हप्ता १००० ते १५०० सीसीला एकच, त्यामुळे पैशात फरक पडला नाही आणि म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मी आरसीची प्रत पाठवून दुरुस्ती करून घेतली. त्याला दोन ईमेल आणि चार फोन लागले. क्लेमच्या वेळी हा घोळ निघण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या शनिवारी परत तेच दुकान, तोच पोरगा. या वेळी साल सांगितलंच नाही. ब्लॉकचा फोटो दाखवला, आरसी ठेवली आणि चाचांनी काढून दिलेला जुना फॅन बेल्ट काउंटरवर टाकला. "अरे, तेराशे आहे होय," म्हणत तो आत गेला आणि नव्या बेल्टची पाकिटं घेऊन आला. मारुतीचा पार्ट नंबर कसा वाचायचा तेही त्यानेच दाखवलं: पहिले पाच आकडे म्हणजे वस्तू कुठली, मग एम हे अक्षर, मग मॉडेलचा संकेत. टायमिंग बेल्टचे पहिले पाच १२७६१. हे पाच जुळले म्हणून पार्ट जुळला असं नाही, खरी भानगड एमनंतरच्या अक्षरांत असते. जुना-नवा बेल्ट मी काउंटरवर एकाला एक लावून मोजले, मगच पैसे दिले. पहिला फॅन बेल्ट मात्र त्याने परत घेतला नाही. पाकीट फाडलेलं होतं आणि भिंतीवर पाटी होती.

बेल्ट बदलताना जुना टायमिंग बेल्ट चाचांनी माझ्या हातात दिला. पाठ गुळगुळीत, चकचकीत झालेली, दाते तिरके वाकवले की मुळाशी बारीक भेगा दिसत. तो घेऊन मी दोनदा दिवे घाट चढून सासवडला जाऊन आलो होतो.

बाराशेचा फॅन बेल्ट अजून डिकीत आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, माझ्या रिट्झला घालू, तिलाही के१२एमच आहे. म्हटलं, काका, आधी ब्रश घेऊन खाली या.