माळ वाढली

परवा दुपारी माळ तुटली. म्हणजे वाढली. तुटली म्हणायचं नाही, हे आत्यानं लहानपणीच बजावून ठेवलंय. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्राच्या बाबतीत तर विचारायलाच नको. मोडण्याची आपल्याला इतकी धास्ती, की सगळी मोडतोड आपण वाढीच्याच खात्यावर मांडून ठेवलीय.

एप्रिलची दुपार, परभणीचं ऊन, लाइट गेलेली. कूलर बंद पडला की घरात जी शांतता होते तिच्यात मी खिडकीपाशी बसून तीन पदरी माळेची शेवटची गाठ मारत होते. जांभळे काचेचे मणी, अकरा नंबरचे. (या धंद्यात नंबर मोठा तितका मणी बारीक. अकरा नंबर म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, पंधरा नंबर त्याहून बारीक. आता पंधरा नंबरच्या वाटेला मी जात नाही, चष्मा परवानगी देत नाही.) गाठ ओढली आणि कुठल्या तरी मण्याच्या धारदार कडेनं दोरा कापला गेला. एक अख्खा पदर सर्रकन शहाबादी फरशीवर.

हे घर बांधून बावीस वर्षं झाली. फरशीला उतार कुठं दिलाय हे मिस्त्रीनं कधी धड सांगितलं नव्हतं, ते मण्यांनी सांगितलं. निम्मे मोरीकडं निघाले, निम्मे देवघराकडं. आमच्या घरातली माणसंही साधारण अशीच वाटली गेलेली आहेत, पण ते असो.

"काय झालं?" आतून ह्यांचा आवाज.

"काही नाही. माळ वाढली."

"मग चांगलंय की," म्हणाले आणि कूस बदलली.

मी केलेली माळ मी घालत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बायका पहिला प्रश्न तोच विचारतात. माळ एकदा गळ्यात पडली की तिचा दागिना होतो. मग कुठल्या साडीवर, कुठल्या लग्नात, घाम लागला का, अत्तर लागलं का. मला त्यातलं काही नको असतं. मला ओवायचं असतं. भाच्यांना कानातले करून देते, त्या "मावशी, भारीच!" म्हणतात आणि ते कानातले नंतर कुणाच्याही कानात दिसत नाहीत. माझी काही तक्रार नाही. संक्रांतीला वाण म्हणून काही खपतात. बाकीचं सगळं काही महिन्यांनी मीच उसवते आणि दुसरं काहीतरी करायला घेते. हे जांभळे मणी आधी एका पर्सवर होते, त्याआधी तोरणाच्या झालरीत. त्यांचा तिसरा जन्म चालू होता आणि तोही पुरा झाला नाही.

हे खूळ आत्याचं. 1984 च्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि सेलूच्या वाड्यात रुखवताचा कारखाना सुरू झाला. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना सांगायला नकोच. मण्यांचं तोरण, मण्यांचा पोपट, मोत्यांनी मढवलेला नारळ, बाटलीभोवती विणलेली मण्यांची बाई. माजघरात घोंगडी अंथरलेली, तिच्यावर रंगारंगाचे ढीग. घोंगडी का, तर तिच्या खरखरीत लोकरीत मणी रुततात, पळत नाहीत. आता त्यासाठी मऊ मॅट मिळतात, भाचीनं मोबाइलवरून एक मागवूनही दिली. मी अजून घोंगडीचा तुकडाच वापरते. लोकरीचा तो वास आल्याशिवाय माझा हात सुरूच होत नाही.

दोरा तेव्हा तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या तारेसारखा. तंगूस हा शब्द बऱ्याच दिवसांनी लिहिला, किती बरं वाटलं. त्याला सुई लागायची नाही, टोक आपणच ताठ. आत्यानं मला पहिला चौकोन शिकवला तो असा: चार मणी ओवायचे, आणि चौथ्यातून दुसरं टोक उलट्या बाजूनं घालून ओढायचं. चार मणी एकमेकांना भिडून बसतात. मग पुढच्या चौकोनाला तीनच लागतात, कारण चौथा शेजाऱ्याचा. एक डाव्या टोकात, दोन उजव्या टोकात, त्या दोनातल्या शेवटच्यातून पुन्हा दोन्ही टोकं आरपार. भिंतीला भिंत लागून बांधलेल्या वाड्यांसारखं. शेवटी गाठ मारायची आणि उदबत्तीचं निखाऱ्याचं टोक तिला नुसतं दाखवायचं. तंगूस वितळून गाठीचा बारीकसा गोळा व्हायचा. जरा जास्त वेळ धरलं की सगळंच सुटायचं. सुरुवातीला मला तेवढंच काम मिळायचं, उदबत्ती धरायचं, आणि त्या उन्हाळ्यात मी स्वतःला फार महत्त्वाची समजत होते.

एक मणी जरी जास्त गेला तरी विणकाम वाकतं. लगेच कळत नाही, चारपाच ओळी गेल्यावर कळतं. आत्याच्या पोपटाची मान अशीच वाकडी झाली. माझ्यामुळं. ती "चार घाल" म्हणाली आणि मी आंब्याच्या नादात पाच घातले. उसवायला वेळ नव्हता, लग्न पाच दिवसांवर. तो पोपट मांडवात सगळ्या रुखवताच्या मध्यभागी मान तिरकी करून बसला आणि व्याह्यांकडच्या एका बाईनं त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक केलं. "बघा कसा ऐकायलाय!" पुढं तो पोपट आत्याच्या टीव्हीवर कितीतरी वर्षं होता, बातम्या ऐकत.

दागिने करण्याचा विषय निघालाच आहे तर हलव्याचे दागिने कसे विसरता येतील. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मला काळ्या साडीवर हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी, सगळं घातलं होतं. आत्यानं स्वतः केलेलं. एकेक काटेरी दाणा दोऱ्यात अडकवायचा म्हणजे सुई टोचून चालत नाही, दाणा फुटतो. तो गाठीत धरायचा. मी आयुष्यात मनापासून घातलेला तेवढाच दागिना, आणि तोही संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी आणि नणंदेच्या मुलानं मिळून संपवला. दागिन्यानं असंच असावं असं माझं मत आहे.

सराफ्यातले पटवेकरी बघितलेत का कधी? पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसतात, आणि तिथून हातापर्यंत ताणलेल्या त्या धाग्यावर पोत गाठवतात. मोत्यांचा सर असला तर दोन मोत्यांच्या मध्ये एकेक गाठ. त्यानं मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती सुटतो, बाकीचे जागच्या जागी. हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी गाठी मारत नाही. कंटाळा. आत्या म्हणायची, "आज गाठीचा आळस, उद्या वेचायचा व्याप." परवा गुडघे टेकून फरशीच्या सांध्यांतून सुईनं एकेक मणी उकरताना ते वाक्य तिच्याच आवाजात ऐकू येत होतं.

वेचण्याची पद्धतही तिचीच. कापड ओलं करून पिळायचं आणि नुसतं टिपत जायचं. मणी कापडाला चिकटतात. मग ताटलीत झटकायचे.

टिपता टिपता तेर आठवलं. तुळजापूरला गेलो होतो, येताना ह्यांनी गाडी तेरकडं वळवली, गोरोबाकाकांच्या दर्शनाला. तिथं लामतुऱ्यांचं वस्तुसंग्रहालय आहे. ह्यांना मूर्ती आणि नाणी बघायची होती, मी मण्यांपाशी जी थांबले ती निघेचना. अकीक, कार्नेलियन (तोही अकीकच, लालसर), काच, शंख. दोनेक हजार वर्षांपूर्वी हे तेर म्हणजे तगर, मोठी बाजारपेठ. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक वहीत तगर आणि पैठण दोन्ही आहेत, आणि पैठणहून गाड्या भरभरून अकिकासारखा दगड भडोचच्या बंदराला जायचा असं त्यात लिहिलंय. दगडाचं मला नवल नाही. आपल्या काळ्या खडकाच्या पोटात तो असतोच. आम्हीही लहानपणी गोदावरीच्या वाळूतून गारगोट्या वेचायचो आणि रात्री गोधडीत शिरून एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो. नवल त्या भोकाचं. असा दगड, ज्यावर सुरी चालत नाही, त्याला इतकं बारीक आणि सरळ भोक कुणी पाडलं असेल, आणि किती दिवस लागले असतील एका मण्याला?

दाराशी बसलेले एक आजोबा म्हणाले, "पाऊस झाला की पांढरीच्या टेकाडात अजून निघतेत. आम्ही बारके होतो तवा खिशात भरून आणायचो."

तिथल्या त्या मण्यांना काही झालेलं नाही. दोरा मात्र कुठंच नाही. कुठला मणी कुणाच्या शेजारी होता, मध्ये काय होतं, माळ तीन पदरी होती की एक, ते सगळं दोऱ्याला माहीत होतं. परतीच्या वाटेवर मी ह्यांना हे सांगत होते. ह्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा घ्यायचा का इथं?"

तुळजापूरचं आणखी एक. आराधी बायकांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, आपण ती इतकी बघितलेली असते की तिच्याकडं बघतच नाही. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं घर. कुठं समुद्र आणि कुठं आपण, इथं पिण्याच्या पाण्याला टँकर. पूर्वी मालदीवकडून या कवड्या जहाजांनी यायच्या आणि चलन म्हणून चालायच्या. पुढं चलन गेलं, आपल्याकडं बोलण्यात फुटकी कवडी राहिली आणि देवीच्या गळ्यात माळ राहिली. तांड्यावरच्या लमाण बायका अजून त्या कवड्या ओढणीवर आणि पिशव्यांवर टाचतात. बाजाराच्या दिवशी एकीजवळ बसून मी तिचं टाचणं बघत होते. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "शिकायलीस का इकत घ्यायलीस?" मी विकत घेतलं. शिकायला आणखी वेळ लागला असता आणि बसही होती.

असो. मोरीकडचे सगळे सापडले. देवघराकडचे थोडे कमी आहेत असं वाटतं, पण मोजायचे कशाला.

मण्यांचे माझे डबे आहेत, सुपारीचे, आइसक्रीमचे, औषधाचे. रंगवार, नंबरवार. कुणाला माझं घर अस्ताव्यस्त वाटलं तर त्यानं माझे डबे बघावेत. त्यातला एक डबा मात्र मी उघडत नाही. तो चहाच्या मसाल्याचा पितळी डबा आहे, आत्याचा.

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हा आम्ही पोचेपर्यंत अंगणात बायका जमलेल्या होत्या. कुणीतरी म्हातारी पुढं झाली. त्या दिवशी वाढवा म्हणालं नाही कुणी. तोडा म्हणाले. एवढं जपून वापरलेलं ते क्रियापद, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी किती सहज. काळ्या पोतीचे मणी सारवलेल्या अंगणात पसरले, काही तुळशीच्या कट्ट्याखाली गेले. माझा हात सवयीनं खाली गेला. शेजारच्या बाईनं मनगट धरलं. "राहू दे, वेचायचे नसतेत ते." मी वर बघितलं तर आत्याही खालीच बघत होती. मणी कुठं कुठं जातायत ते बघत होती, उन्हाळ्यात माजघरात बघायची तसं, भुवया जवळ घेऊन.

वर्षभरानं मी गेले तेव्हा तिनं तो डबा माझ्या हातात दिला. काही बोलली नाही. मी बसमध्ये उघडला. काळे मणी होते. धुतलेले नव्हते, काहींच्या भोकांत शेणमाती तशीच होती. कधी वेचले असतील? रात्रीच. कंदील घेऊन की अंधारात चाचपडत, कोण जाणे. ओलं कापड घेतलं नसणार, शेणामातीला ते चालत नाही. एकेक बोटानंच.

आत्याला जाऊनही आता सात वर्षं झाली. पोपट तिच्या सुनेनं ठेवलाय म्हणे.

त्या डब्यातले मणी मी अजून धुतलेले नाहीत. ओवायचं तर काय ओवायचं त्यांचं.

परवा साडेचारला लाइट आली. कूलर सुरू झाला आणि ताटलीतले चारदोन मणी वाऱ्यानं पुन्हा खाली पडले.