"नको" असं मी का म्हणाले

काल डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचं एक औषध कमी करू या का?" आणि माझ्या तोंडून एकदम "नको" निघून गेलं. एवढ्या मोठ्याने, की दाराशी बसलेल्या बाईंनी मान वळवून पाहिलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि पुढच्या गुरुवारी या म्हणाले. तेव्हापासून ते "नको" घशात अडकून बसलंय.

वाईट असं काहीच सांगत नव्हते ते. मला एचआयव्ही आहे, पण कितीतरी वर्षं माझ्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजायच्या, रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतंय. विषाणू सापडतच नाही. रात्री नऊला एक गोळी, तिच्यात तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर. आता हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिनही वर गेलंय. त्यातला थोडा आकडा डोल्युटेग्राविरमुळे नुसता वाढलेला दिसतो, त्याने किडनीला इजा होत नाही, हेही त्यांनी समजावलं. पण टेनोफोविरचा हाडांवर आणि किडनीवर भार पडतो, म्हणून ते काढायचं आणि उरलेली दोन ठेवायची. गोळी तेव्हाही एकच. मग छातीत एवढं धडधडलं कशाला?

बस स्वारगेटला येईपर्यंत काही सुचत नव्हतं. उतरताना लक्षात आलं, "कमी" हा शब्द लागला मला.

ह्यांनीही एक औषध कमी केलं होतं, अगदी सुरुवातीलाच. २००२ साली. तिसरं महाग पडायचं, म्हणून झिडोव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन एवढंच आणायचे. तेही सदाशिव पेठेतून, घराजवळच्या मेडिकलमध्ये कुणी ओळखू नये म्हणून. महिनाअखेरीस तेही संपायचं, मग पगार होईपर्यंत खाडा. "दोन काय नि तीन काय, पोटात औषध जातंय ना," म्हणायचे. मला ते पटायचं. खरं तर मी पटवून घ्यायचे, कारण सोनूची फी भरायची तारीखही तीच असायची. पुढे कळलं की अर्धवट औषधाने विषाणू मरत नाही, तो त्या औषधाला सरावतो, आणि एकदा सरावला की ते औषध पुन्हा लागू पडत नाही. सरकारची मोफत औषधं १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. हे गेले त्याआधीच्या दिवाळीत. भाऊबीजेपासून एप्रिलपर्यंतचे महिने मी इतक्या वेळा मोजलेत की आता मोजावे लागत नाहीत.

माझं औषध २००६ ला सुरू झालं. स्टॅव्हुडिनने गाल बसले, पायांना मुंग्या यायच्या. घरातल्यांना न सांगता कळलं. सासूबाईंनी तेव्हा माझं ताट... जाऊ दे. मग झिडोव्हुडिन, त्याने हिमोग्लोबिन उतरलं. मग रात्रीचं एफाविरेंझ, त्याने स्वप्नं पडायची. स्वप्नात हे यायचे, अगदी धडधाकट, हातात मंडईची पिशवी. ती गोळी बदलली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं, आता नीट झोप लागेल. मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

औषधं बदलली, पण एक नियम बदलला नाही. काउन्सेलर मॅडम डबीतल्या गोळ्या टेबलावर ओतून उरलेल्या मोजायच्या. शंभरातल्या पंचाण्णव तरी पोटात गेल्याच पाहिजेत, म्हणायच्या. मी शंभर घेतल्या. सोनूच्या लग्नात शालू नेसून, जेवणाची पंगत बसलेली असताना घेतली. लॉकडाउनमध्ये पोलिसांना कागद दाखवून मोफत औषधांच्या सरकारी सेंटरवर गेले. आयुष्यात मी काही धड केलं असेल तर हे. आणि आता म्हणतात, एवढ्याची गरज नाही. काल रात्री याच्यावरच रडले. ह्यांच्या दोन औषधांना सगळ्यांनी नावं ठेवली, आणि माझ्या दोनला शास्त्र म्हणायचं?

आज सकाळी सोनूने फोनवर वाचून दाखवलं. टँगो नावाच्या अभ्यासात ७४१ जण होते, सगळ्यांचा विषाणू आधीपासून दबलेला, औषध आधी कधी फेल न गेलेले. ३६९ जणांना दोन औषधांवर आणलं, ३७२ जण तीनवरच राहिले. ४८ आठवड्यांनी दोनवाल्यांत एकाचा लोड ५० किंवा त्याच्या वर, म्हणजे विषाणू नीट न दबलेला, सापडला, तीनवाल्यांत दोघांचा. तिला पुन्हा वाचायला लावलं.

लॅमिव्हुडिन ह्यांच्याकडेही होतं. डोल्युटेग्राविर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं, आणि विषाणूला त्याला सरावणं फार अवघड जातं. शिवाय ह्यांनी दोनवर सुरुवात केली तेव्हा विषाणू रक्तात भरलेला होता. माझ्यात तो वर्षानुवर्षं दबलेला आहे. दोन म्हणजे दोनच, पण ही दोन ती नव्हेत. हे लिहिताना जरा मोकळं वाटतंय, आणि ह्यांच्यासाठी पुन्हा तुटतंयही. ह्यांनी हलगर्जी केली असं मी इतकी वर्षं मनात धरून होते. ती दोन नियमाने घेतली असती तरी बहुधा पुरली नसती.

सेंटरवर मिळते ती तीन औषधांचीच, ही दोनची विकत घ्यावी लागेल. सोनू म्हणते मी बघते. विकत म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. बघू.

गुरुवारी आधी हेपेटायटिस बी साठी रक्त द्यायचंय. तो आजार अंगात असेल तर टेनोफोविर काढता येत नाही, कारण त्यालाही तेच दाबून ठेवतं, काढलं तर लिव्हरवर उसळतो. आणि जुनं ग्रीन बुक, म्हणजे माझ्या औषधांच्या नोंदीची वही, आणायला सांगितलंय, माझी औषधं त्रासामुळे बदलली की फेल गेली म्हणून, ते बघायला. दुपारी ट्रंकेतून काढलं. कोपरे वाळवीने खाल्लेत, पण तारखा वाचता येतात. पिशवीत ठेवलंय. डॉक्टरांना ह्यांच्याबद्दल मी कधीच काही सांगितलं नव्हतं. गुरुवारी "नको" का म्हणाले ते सांगेन, मग रक्त देईन.

नऊ वाजले. गोळी घेते.